छोटा अनुवादक आणि कल्पित यंत्र



दोन अधिक तीन गुणिले चार, हे उदाहरण शाळेतल्या मुलाला घातले तर तो चौदा असे उत्तर देतो. वीस असे उत्तर देणाऱ्या मुलाला शिक्षक आठवण करून देतात, की गुणाकार आधी करावयाचा असतो. हेच उदाहरण संगणकाला घातले तरी उत्तर चौदाच येते. पण संगणकाजवळ शिक्षक उभा नसतो, आणि त्याच्या आतील विद्युत् मंडलांना ‘आधी’ व ‘नंतर’ यांचा अर्थ ठाऊक नसतो. मग गुणाकार आधी करावयाचा हे त्याला कोण सांगते, आणि नेमके कोठे सांगते? या साध्या प्रश्नाचा पाठपुरावा करू लागले म्हणजे संगणकशास्त्रातील दोन मोठ्या गोष्टींशी गाठ पडते. एक अनुवादक, ज्याला व्यवहारात कंपायलर म्हणतात. आणि दुसरा प्रक्रियक, म्हणजेच प्रोसेसर.

अनुवादक हीसुद्धा एक आज्ञावलीच असते. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली दुसरी आज्ञावली ती वाचते, तिचे व्याकरण तपासते आणि प्रक्रियकाला पार पाडता येतील अशा बारीक बारीक आज्ञांत तिचे रूपांतर करते. प्रक्रियक त्या आज्ञा एकामागून एक उचलतो व अमलात आणतो. अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी १९५२ साली या दिशेने पहिली पावले टाकली, आणि १९५७ साली आयबीएम कंपनीतील जॉन बॅकस यांच्या गटाने फोर्ट्रान भाषेचा अनुवादक पुरा केला. त्यानंतर या दोन्ही गोष्टी इतक्या वाढल्या, की आज प्रचलित असलेल्या मोठ्या अनुवादकांचा पसारा लक्षावधी ओळींचा असतो आणि एका प्रक्रियकात अब्जावधी ट्रान्झिस्टर सामावलेले असतात. विद्यार्थी या दोहोंचा रोज उपयोग करतो. आत डोकावून पाहण्याची इच्छा त्याला झाली, तरी कोणत्या दारातून आत शिरावे हे त्याला कळत नाही.

या अडचणीवर शिक्षकांनी शोधलेला उपाय असा, की अनुवादक लहान करावा आणि यंत्र कल्पित घ्यावे. कल्पित यंत्र चालवावयाचे तर त्याचे वागणे हुबेहूब घडवून आणणारी आज्ञावली हाती असलेल्या खऱ्या यंत्रावर लिहावी लागते. अशा आज्ञावलीला अनुकारक किंवा सिम्युलेटर म्हणतात. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात ‘मिक्स’ नावाचे असेच एक यंत्र कल्पिले होते. ते कोणत्याही कारखान्यात तयार झाले नाही, तरी अनेक विद्यार्थ्यांनी त्याच्यासाठी आज्ञावल्या लिहिल्या. परंतु भाषा, अनुवादक आणि यंत्र या तिन्ही गोष्टी एकत्र, आणि एका बैठकीत वाचून होतील एवढ्या आटोपशीर रूपात विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचे काम स्वित्झर्लंडमधील निकलाउस व्हिर्ट यांनी केले. येथे मुख्यतः त्याच कामाचा परिचय करून द्यावयाचा आहे.

व्हिर्ट यांचा जन्म १९३४ सालचा. झुरिक येथील संघीय तंत्रविज्ञान संस्थेत ते प्राध्यापक होते. तेथे त्यांनी पास्कल ही भाषा रचली आणि १९७० साली तिचा अनुवादक चालू झाला. तो कसा तयार झाला याची हकिकत बोधप्रद आहे. पहिला प्रयत्न फोर्ट्रान भाषेत करण्यात आला व तो फसला, कारण पास्कलमध्ये माहितीची जी रचना सहज मांडता येत होती तिला फोर्ट्रानमध्ये जागाच नव्हती. तेव्हा व्हिर्ट यांनी उलटा मार्ग धरला. पास्कलचा अनुवादक पास्कलमध्येच लिहावयाचा असे ठरले. पण जी भाषा अजून कोणत्याही यंत्राला समजत नाही, तिच्यात लिहिलेला अनुवादक चालवावयाचा कसा? त्यासाठी त्यांचा एक सहकारी दोन आठवडे घरी बसला आणि त्याने तो सबंध अनुवादक यंत्राजवळच्या एका खालच्या पातळीवरील भाषेत हाताने उतरवला. हे हस्तकृत भाषांतर एकदा चालू झाल्यावर मूळ अनुवादक त्याच्याकडूनच अनुवादून घेता आला. त्यानंतर हाताने केलेल्या भाषांतराची गरज उरली नाही. पाया घालण्यापुरता एक माणूस अनुवादक झाला आणि मग बाजूला झाला.

पास्कलची कीर्ती पसरू लागली तशी अन्य विद्यापीठांतून तिची मागणी येऊ लागली. प्रत्येकाचे यंत्र वेगळे होते. प्रत्येक यंत्रासाठी नवा अनुवादक लिहिणे शक्य नव्हते. झुरिकच्या गटाने यावर जी युक्ती काढली ती कल्पित यंत्राचीच होती. अनुवादकाने कोणत्याही खऱ्या यंत्राच्या आज्ञा निर्माण न करता एका सोप्या, काल्पनिक यंत्राच्या आज्ञा निर्माण कराव्यात, आणि ज्याला पास्कल हवी असेल त्याने आपल्या यंत्रावर त्या काल्पनिक यंत्राचा अनुकारक तेवढा लिहावा, अशी ती योजना होती. अनुकारक लिहिणे हे अनुवादक लिहिण्याहून पुष्कळच सोपे काम आहे. हा संच पास्कल-पी या नावाने ओळखला गेला. त्याच्या कर्त्यांत उर्स आमान यांच्यासारख्या झुरिकच्या मंडळींबरोबर केशव नोरी या भारतीय संगणकतज्ज्ञाचेही नाव आहे. संचाची रचना विशद करणाऱ्या टिपणांच्या लेखकांत नोरी यांचे नाव पहिले येते. पुढे त्यांनी पुण्याच्या टाटा संशोधन, विकास आणि अभिकल्प केंद्रात काम केले. हाच संच पायाभूत धरून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेत केनेथ बोल्स यांच्या गटाने छोट्या संगणकांसाठी पास्कल तयार केली, आणि १९७९ साली ती ॲपल-२ या घरगुती संगणकावर जाऊन पोहोचली.

पास्कल-पी हे कामाचे साधन होते. शिकवण्यासाठी त्याहूनही लहान नमुना हवा होता. तो व्हिर्ट यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अल्गोरिदम्स + डेटा स्ट्रक्चर्स = प्रोग्रॅम्स’ या पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणात दिला. त्यातील भाषेचे नाव पीएल/०. या भाषेत पूर्णांकांखेरीज दुसरा कोणताही प्रकार नाही. राखीव शब्द अवघे ११ आहेत. ‘जर-तर’ आहे, पण ‘नाही तर’ नाही. ‘जोपर्यंत’ अशी पुनरावृत्ती आहे. उपाज्ञावली लिहिता येते, आणि एका उपाज्ञावलीच्या पोटात दुसरी ठेवता येते. वाचन करण्याची किंवा उत्तर छापण्याची आज्ञाही भाषेत नाही. यंत्र एखाद्या चलात मूल्य साठवते त्या वेळी ते मूल्य कागदावर उमटते, एवढीच सोय आहे. अनुवादक आणि यंत्राचा अनुकारक हे दोन्ही एकाच पास्कल आज्ञावलीत शेजारी शेजारी बसलेले असून तिची लांबी पुस्तकाच्या काही पानांपलीकडे जात नाही.

या यंत्राची रचना ध्यानात घेतली म्हणजे आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. यंत्राजवळ दोन साठे आहेत. एकात आज्ञा असतात व त्या चालू असताना बदलत नाहीत. दुसरा साठा ही एक चळत आहे. ताटांच्या चळतीवर ताट ठेवावे किंवा वरचे ताट उचलावे, त्याप्रमाणे अंक या चळतीच्या माथ्यावर ठेवले वा उचलले जातात. आज्ञांचे प्रकार आठ. ‘लिट’ ही आज्ञा एक अंक चळतीवर ठेवते. ‘लॉड’ एखाद्या चलाचे मूल्य चळतीवर आणते आणि ‘स्टो’ माथ्यावरचे मूल्य चलात साठवते. ‘ऑपर’ ही आज्ञा बेरीज, गुणाकार, तुलना इत्यादी क्रिया करते. कोणती क्रिया, हे तिच्या सोबतच्या क्रमांकावरून ठरते. ‘कॅल’ उपाज्ञावलीस बोलावते, ‘इंट’ चळतीवर जागा राखते, ‘जेएमपी’ दुसऱ्या आज्ञेकडे उडी घेते आणि ‘जेपीसी’ अट खोटी ठरल्यासच उडी घेते.

आता क्ष या चलात २ + ३ × ४ हे मूल्य ठेवणारी आज्ञावली घ्यावी. अनुवादक तिच्यासाठी एकूण नऊ आज्ञा निर्माण करतो. आरंभीची उडी, जागेची तरतूद आणि अखेरचा परतावा वगळला तर मधल्या सहा आज्ञा अशा: लिट २, लिट ३, लिट ४, ऑपर ४, ऑपर २, स्टो ३. यातील ऑपर ४ म्हणजे गुणाकार व ऑपर २ म्हणजे बेरीज. स्टो ३ मधील ३ हा क्षचा पत्ता होय. चळतीवर दोन, तीन आणि चार क्रमाने चढतात. गुणाकार वरचे दोन उचलून बारा ठेवतो. बेरीज बारा व दोन उचलून चौदा ठेवते. यंत्राला गुणाकाराचा मान मोठा आहे हे मुळीच ठाऊक नाही. त्याने केवळ दिलेल्या क्रमाने आज्ञा पाळल्या. क्रम ठरवला अनुवादकाने. आणि अनुवादकाच्या आत पाहिले तर ‘पद’ वाचणारा भाग ‘गुणक’ वाचणाऱ्या भागाला आधी कामाला लावतो, एवढेच दिसते. शाळेतला नियम कोठे दडलेला आहे हे विद्यार्थ्याला तेथे बोट ठेवून दाखवता येते.

अशा नमुन्याचे वाचन उपयुक्त असतेच, पण त्याचा खरा लाभ तो आपल्या यंत्रावर उभा करण्यात आणि मग त्यात फेरफार करण्यात आहे. उभारणीचे काम वरवर यांत्रिक वाटते. प्रत्यक्षात पहिला धडा तेथेच मिळतो. व्हिर्ट यांची आज्ञावली ज्या काळी लिहिली गेली त्या काळच्या झुरिकच्या यंत्रावर ‘लहान किंवा समान’ यासाठी एकच स्वतंत्र चिन्ह उपलब्ध होते. त्यामुळे अनुवादकाचा चिन्हे वाचणारा भाग असे प्रत्येक चिन्ह एकाच अक्षराने ओळखतो. आजच्या कळफलकावर ते चिन्ह दोन अक्षरांनी लिहिण्याची रीत आहे. म्हणून मूळ आज्ञावली जशीच्या तशी उतरवून घेतली तर ‘लहान’ हे अक्षर वाचल्याबरोबर अनुवादक पुढे जातो आणि मागे राहिलेल्या ‘समान’पाशी अडखळतो. उपाय सोपा आहे. ‘लहान’ दिसल्यावर पुढचे अक्षर पाहावे. ते ‘समान’ असेल तर दोघांचे मिळून एक चिन्ह मानावे. मूल्य देण्याच्या चिन्हासाठी, म्हणजे अपूर्णविराम व त्यापुढील ‘समान’ या जोडीसाठी, मूळ आज्ञावलीत हीच पद्धत वापरलेली आहे. विद्यार्थ्याने ती शोधून काढावी आणि तिचे अनुकरण करावे. दुसऱ्याच्या आज्ञावलीत बदल करताना तिच्यातच आधीपासून असलेली रीत पाळणे, हा या उभारणीतला पहिला संस्कार होय.

दुसरी एक शिस्त येथेच अंगी बाणवून घ्यावी. आज्ञावली चालू झाली की लगेच तिच्यात बदल करू नये. आधी पाच-सहा छोटी उदाहरणे लिहून ती चालवावीत. एकात केवळ बेरीज-गुणाकार असावा, दुसऱ्यात अट, तिसऱ्यात पुनरावृत्ती, चौथ्यात उपाज्ञावली, पाचव्यात स्वतःलाच बोलावणारी उपाज्ञावली. प्रत्येकासाठी निर्माण झालेल्या आज्ञांची यादी आणि मिळालेली उत्तरे जपून ठेवावीत. पुढे कोणताही बदल केला की ही उदाहरणे पुन्हा चालवावीत. नव्या गोष्टीसाठी केलेला फेरफार जुन्या गोष्टीला धक्का देत नाही ना, हे कळण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

आता पहिला खरा फेरफार पाहू या. पीएल/० मध्ये नसलेले ‘नाही तर’, म्हणजे ‘एल्स’, तिच्यात आणावयाचे आहे. विद्यार्थी राखीव शब्दांची यादी उघडतो, अकराचे बारा करतो आणि यादीच्या शेवटी ‘एल्स’ हा शब्द जोडून देतो. आज्ञावली विनातक्रार अनुवादली जाते. पण उदाहरण चालवले की विधानानंतर चुकीचे चिन्ह आल्याची तक्रार उमटते, आणि ‘एल्स’ हा शब्द अनुवादकाला राखीव शब्द म्हणून दिसलेलाच नाही असे ध्यानात येते. यादीत तर तो डोळ्यांना दिसतो! कारण असे, की ही यादी रोमन वर्णक्रमाने लावलेली आहे आणि शोध घेताना अनुवादक यादीच्या मध्यावर पाहतो, शब्द अलीकडचा की पलीकडचा हे ठरवतो आणि उरलेली अर्धी यादी सोडून देतो. शब्दकोशात शब्द शोधणारा माणूसही हेच करतो. ‘एल्स’ हा शब्द अलीकडच्या अर्ध्यात असावयास हवा म्हणून शोध तिकडे वळतो, आणि शब्द तर शेवटच्या जागी बसलेला. ‘डू’ आणि ‘एंड’ या दोन शब्दांच्या मध्ये तो ठेवला की चूक नाहीशी होते. यादी वर्णक्रमाने हवी ही अट कोठेही मोठ्या अक्षरांत लिहिलेली नसते. ती शोधण्याच्या पद्धतीत गृहीत धरलेली असते, आणि अशी गृहीते वाचता येणे यालाच दुसऱ्याची आज्ञावली समजणे म्हणतात.

शब्द ओळखू आल्यावर त्याच्यासाठी आज्ञा निर्माण करावयाच्या. मूळ ‘जर-तर’ची रीत अशी आहे: अटीनंतर ‘जेपीसी’ आज्ञा लिहावयाची, पण उडी कोठे घ्यावयाची हे त्या वेळी ठाऊक नसते, कारण ‘तर’चा भाग अजून वाचलेलाच नसतो. म्हणून तेथे शून्य लिहून जागा लक्षात ठेवावयाची आणि ‘तर’चा भाग संपल्यावर मागे येऊन खरा पत्ता भरावयाचा. पोहोचण्याचे ठिकाण ठरण्यापूर्वीच पाकीट तयार करून त्यावरचा पत्ता मागाहून लिहावा तसा हा प्रकार आहे. ‘नाही तर’ आल्यावर अशी दोन पाकिटे होतात. ‘तर’चा भाग संपताच एक विनाअट उडी लिहावी लागते, म्हणजे ‘नाही तर’चा भाग ओलांडला जाईल. ही दुसरी उडी विसरली तर आज्ञावली अनुवादली जाते, चालते, आणि अट खरी असता दोन्ही भाग एकामागून एक पार पाडते. चूक कोठेही नोंदली जात नाही. उत्तर मात्र चुकते.

या फेरफारातील महत्त्वाची गोष्ट ही, की यंत्राला हातही लावावा लागत नाही. यंत्राजवळ आधीपासून असलेल्या दोन उड्यांतून ‘नाही तर’ घडते. नवी सोय मागितली की नवी आज्ञा हवीच असे नव्हे. प्रथम जुन्या आज्ञांत ती बसते का, हे पाहावयाचे असते. नव्या विद्यार्थ्याचा कल उलट असतो. भाषेतील प्रत्येक नव्या शब्दासाठी तो यंत्रात एक नवी आज्ञा घालू पाहतो, आणि यंत्र फुगत जाते. प्रक्रियकांची रचना करणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. मोजक्या व साध्या आज्ञांचे यंत्र करावे आणि उरलेले काम अनुवादकावर सोपवावे, हा विचार १९८० च्या दशकात प्रक्रियकांच्या रचनेत प्रबळ झाला. पीएल/० चा विद्यार्थी त्या मोठ्या विवादाचे मर्म ‘नाही तर’च्या दोन उड्यांत अनुभवू शकतो.

याउलट, उत्तर छापण्याची आज्ञा भाषेत आणावयाची असेल तर यंत्रात बदल केल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण जुन्या आठ आज्ञांपैकी कोणतीही केवळ छापण्याचे काम करीत नाही. येथे ‘ऑपर’चा उपयोग होतो. तिच्या क्रिया ० ते १३ या क्रमांकांनी ओळखल्या जातात. त्यात ७ हा क्रमांक मोकळा आहे. विद्यार्थी १४ हा नवा क्रमांक छपाईसाठी घेतो. हा क्रमांक दोन ठिकाणी लिहावा लागतो. एकदा अनुवादकात, जेथे आज्ञा निर्माण होते. आणि एकदा अनुकारकात, जेथे ती पार पाडली जाते. समजा वाचन व छपाई या दोन नव्या क्रियांना अनुवादकात १४ आणि १५ हे क्रमांक दिले, आणि अनुकारकात अनवधानाने उलट दिले. दोन्ही भाग आपापल्या परीने निर्दोष आहेत. तपासणाऱ्याने अनुवादक वाचला तर त्यात दोष सापडणार नाही. अनुकारक वाचला तर त्यातही नाही. तरीही छपाई मागितली की यंत्र अंक मागत थांबते. दोष कोणत्याही एका भागात नसून दोहोंमधील करारात असतो. आज्ञासंच हा असा करार आहे. त्यावर अनुवादक लिहिणारा आणि यंत्र घडवणारा या दोघांच्याही सह्या असतात, आणि एकाने दुसऱ्याला न कळवता त्यातील एक ओळ बदलली तरी उभय पक्षांचे श्रम वाया जातात.

या नमुन्यातील मर्यादाही अशाच बोलक्या आहेत. पीएल/० मध्ये ५००० हा अंक लिहिला तर अनुवादक तो फार मोठा असल्याची तक्रार करतो. पण ५० × १०० असे लिहिले तर तेच मूल्य बिनबोभाट मिळते. याचे कारण भाषेत शोधून सापडत नाही. ‘लिट’ आज्ञेत अंक ज्या जागेत बसतो ती जागा पत्त्यासाठी राखलेली आहे, आणि पत्त्याची कमाल मर्यादा २०४७ अशी ठरवलेली आहे. यंत्राच्या पोटातील एका निर्णयाची सावली अशी भाषेवर पडते. चळतीची लांबी ५०० घरे ही दुसरी मर्यादा होय. उपाज्ञावलीस प्रत्येक वेळी बोलावताना चळतीवर तीन घरे खर्च होतात. एकात ती उपाज्ञावली कोणाच्या पोटात लिहिलेली आहे याची खूण असते, दुसऱ्यात या खेपेस तिला कोणी बोलावले याची, आणि तिसऱ्यात परत कोठे जावयाचे याची. निरोप घेऊन आलेल्या माणसाला तो कोणत्या घरचा आणि त्याला आता कोणी पाठवले, असे दोन प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे एक असतीलच असे नाही. पहिल्या दोन घरांचे प्रयोजन नेमके हेच आहे. स्वतःलाच बोलावत राहणारी उपाज्ञावली १६० च्या आसपास पायऱ्या उतरली की चळत भरते. मूळ अनुकारकात या प्रसंगाची तपासणी नाही. तेव्हा कल्पित यंत्र चळत भरल्याचे सांगत नाही. त्याला चालवणारी पास्कल आज्ञावलीच मध्येच कोलमडते. ही तपासणी जोडणे हा विद्यार्थ्यासाठी उत्तम अभ्यास आहे. आज्ञा पार पाडण्यापूर्वी दोन ओळींची चौकशी घालावी लागते, आणि मग त्याला उमगते, की खऱ्या यंत्रांतही अशी चौकशी कोणीतरी कधीतरी जाणीवपूर्वक घातलेली असते, किंवा घालावयाची राहून गेलेली असते.

कल्पित यंत्र हे खेळणे आहे, त्याचा खऱ्या यंत्राशी काय संबंध, अशी शंका येथे घेतली जाईल. व्हिर्ट यांच्याच उत्तरायुष्यातील कार्याने तिचे निरसन होते. १९९६ साली त्यांनी अनुवादकांविषयी जे नवे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात ओबेरॉन-० ही छोटी भाषा आणि तिच्यासाठी मोजक्या आज्ञांचे एक यंत्र होते. तेही अनुकारकाच्या रूपाने चालत असे. पुढे, हव्या त्या रचनेत जोडता येणाऱ्या चिपवर त्यांनी आपला स्वतःचा असा प्रक्रियक उभा केला, आणि २०१३ साली ओबेरॉन ही संपूर्ण संगणकप्रणाली त्या प्रक्रियकावर नव्याने मांडून प्रसिद्ध केली. त्या वेळी ते ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. भाषा, अनुवादक, प्रणाली आणि प्रक्रियक या साऱ्यांचा आराखडा एका माणसाच्या आकलनात मावू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. १९८४ साली त्यांना ट्युरिंग पारितोषिक मिळाले होते. १ जानेवारी २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. याच वाटेने इस्रायलमधील नोआम निसान आणि शिमॉन शॉकेन यांनी २००५ साली एक अभ्यासक्रम ग्रंथरूपाने मांडला. त्यात विद्यार्थी एका साध्या तर्कद्वारापासून आरंभ करून प्रक्रियक, अनुवादक आणि छोटी प्रणाली क्रमाने स्वतः रचतो, आणि हे सारे अनुकारकावर चालते.

भारताच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक पदर आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. तेथे यंत्र घडवणारे हात आणि त्यावर गणिते सोडवणारी मंडळी एकाच संस्थेतील होती. त्यानंतरच्या काळात संगणक पेटीबंद येऊ लागले आणि देशातील बहुसंख्य विद्यार्थ्यांचे नाते वापरणाऱ्याचे राहिले. वापरण्यात कमीपणा काही नाही. परंतु कोणीच पेटी उघडेनासे झाले तर आज्ञासंचाचा करार नेहमी दुसरेच कोणी लिहिते आणि येथे तो केवळ पाळला जातो. २०१० साली बर्कली येथील विद्यापीठात ‘रिस्क-पाच’ या आज्ञासंचाचे काम सुरू झाले. तो कोणालाही वापरण्यास खुला आहे, आणि त्याच्या पायाभूत संचात पन्नासहून कमी आज्ञा आहेत. मद्रास येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील ‘शक्ती’ हे प्रक्रियक याच आज्ञासंचावर आधारलेले असून २०१८ साली ते प्रत्यक्ष चिपच्या रूपात उतरले. असा प्रक्रियक घडवताना चिप हाती येण्याआधी कित्येक महिने त्याचे वागणे अनुकारकावर तपासावे लागते, आणि त्याच्यासाठी आज्ञा निर्माण करणारा अनुवादकही जुळवून घ्यावा लागतो. म्हणजे पीएल/० च्या विद्यार्थ्याने १४ आणि १५ या क्रमांकांशी जी झटापट केली तीच येथे मोठ्या प्रमाणावर करावी लागते. ती झटापट आधी केलेली माणसे पुरेशा संख्येने असतील तरच असे काम पुढे जाते.

यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. पीएल/० चे यंत्र कोणत्याही साध्या संगणकावर चालते; ज्या महाविद्यालयात एखादा जुना संगणक आणि एखादा उत्सुक शिक्षक आहे तेथे हा अभ्यास होऊ शकतो. आज विचारलेल्या प्रश्नावर तयार आज्ञावली लिहून देणारी साधनेही उपलब्ध झाली आहेत. ‘नाही तर’ कसे जोडावे असे विचारल्यास ती उत्तर देतील, आणि पुष्कळदा बरोबर देतील. पण उत्तर बरोबर आहे की नाही हे ठरवण्यासाठी यादी वर्णक्रमाने का असावी लागते आणि दुसरी उडी का लागते, हे विचारणाऱ्याला ठाऊक असावे लागते. ते ज्ञान यादीच्या शेवटी शब्द जोडून, फसून, आणि मग कारण शोधून जितके पक्के होते तितके दुसऱ्या कोणत्याही रीतीने होत नाही.

शाळेतल्या मुलाला चौदा हे उत्तर पाठ असते. पीएल/० चा अनुवादक एकदा उभा करून, बिघडवून आणि दुरुस्त करून पाहिलेल्या विद्यार्थ्याला ते चौदा कोणत्या आज्ञेने, चळतीच्या कोणत्या घरात आणि कोणाच्या सांगण्यावरून आले हे सांगता येते. आणि उद्या वीस हे उत्तर आले, तर कोणते पान उघडावयाचे हेही त्याला ठाऊक असते.